जावईउतार

“सुरू झाली तर घरी येऊ नकोस,” आण्णा माझ्या कानात म्हणाले.

मी लॅम्ब्रेटाच्या सीटवर बसलो होतो. डावा पाय जमिनीवर, उजवा किकवर. समोर अंगणात बिरनाळे गुरुजी हाताची घडी घालून उभे होते. सगळं जमून आलं असतं तर ते माझे सासरे होणार होते. आणि त्यांनी आत्ताच जाहीर केलं होतं, “सुरू होऊन फेरी पुरी झाली नाही, तर विषय संपला.”

म्हणजे गाडी चालली तर बाप जाणार आणि नाही चालली तर बायको. मुलगी बघायला गेलेल्या माणसाला पोह्यांत मीठ कमी आहे का एवढंच बघायचं असतं, असं मी ऐकून होतो.

माझं नाव शीतल मगदूम. आमच्या जैन समाजात शीतल हे पुरुषाचंही नाव असतं. बाहेरच्या माणसाला हे दर वेळी सांगावं लागतं, म्हणून आधीच सांगून टाकलं. आम्ही जयसिंगपूरचे. आण्णांचं ऑइल इंजिनच्या स्पेअर पार्टचं दुकान होतं आणि आमच्या घरात चौघं जण राहत होतो. मानाच्या क्रमानं सांगायचं तर आण्णांची व्हेस्पा, आण्णा, आई आणि मी. व्हेस्पा आकाशी रंगाची होती. दसऱ्याला तिची पूजा होई, पाडव्याला तिला ओवाळत, आणि संक्रांतीला तिच्या सीटवर तिळगूळ ठेवत. तो नंतर मला मिळायचा.

हुपरीला आण्णा आणि आई व्हेस्पावरून गेले. मी एस.टी.नं. तिघं बसलो तर व्हेस्पाला त्रास झाला असता. इचलकरंजीला गाडी बदलून, एका बाईच्या मांडीवरची कोंबडी पूर्ण वेळ माझ्या मांडीवर सांभाळत मी हुपरीत उतरलो, तेव्हा गुरुजींच्या दारात पहिली फैर झडून गेली होती. ती मला आईकडून कळली.

आण्णांनी अंगणात पाऊल टाकलं आणि ते जागच्या जागी थांबले.

“ही कुणाची?” त्यांनी विचारलं. अंगणात साप निघाल्यावर विचारतात तसं.

“आमची. लॅम्ब्रेटा,” गुरुजी म्हणाले. “आणि ती तुमची?”

“व्हेस्पा.”

“असू दे,” गुरुजी म्हणाले. “होतं माणसाच्या हातून कधी कधी.”

लॅम्ब्रेटा देखणी होती, हे खोटं बोलण्यात अर्थ नाही. हुपरी हे चांदीच्या कामाचं गाव. गुरुजींनी तिच्या हेडलाइटची रिंग पैंजणांना पॉलिश करणाऱ्याकडून करून घेतली होती. त्या रिंगेत बघून माणूस भांग पाडू शकला असता. मी पाडला.

आम्ही आत बसलो. पोहे आले, अर्थातच बिनकांद्याचे. पोह्यांमागून राजमती आली. ती बसली, तिनं मान खाली घातली, आणि मग कुणालाही तिच्याशी बोलायला वेळ मिळाला नाही, कारण दुसरं महायुद्ध सुरू झालं.

“मगदूमसाहेब, राग मानू नका,” गुरुजी म्हणाले. ते भूगोलाचे निवृत्त शिक्षक होते. “पण तुमची गाडी म्हणजे एक नाइलाज आहे. महायुद्धात इटली हरली. तुमच्या मालकाचा विमानांचा कारखाना बॉम्ब पडून भुईसपाट झाला. वर विमानं करायला बंदी. आता करतोय काय बिचारा? विमान छाटलं, छाटलं, छाटलं, आणि शेवटी उरली ती व्हेस्पा.”

“छाटलेलं का असेना, विमान आहे!” आण्णा म्हणाले. “पुढचं चाक बघा. एकाच बाजूनं धरलंय. विमानाचं असतं तसं. पंक्चर झालं की नट काढले, चाक हातात. आणि तुमचा मालक कोण, ते सांगा की मुलांना. नळवाला! लोखंडी पाइपा विकत होता. युद्ध संपलं, पाइपा शिल्लक राहिल्या, त्यांना चाकं लावून टाकली.”

“पाइप सरळ असते. सरळ माणसाला शोभते.”

“अहो, आमची गाडी ज्यानं केली त्या इंजिनिअरला मोटारसायकल आवडायची नाही. पँटीला ऑइल लागलेलं त्याला खपायचं नाही. म्हणून त्यानं इंजिन झाकलं, पुढं पत्रा उभा केला, मधे पाय ठेवायला सपाट जागा केली. इटलीत एकही बाई साडी नेसत नव्हती, गुरुजी. तरी साडीवालीला बसता येईल अशी गाडी केली त्यानं. ह्याला म्हणतात दूरदृष्टी. युद्धानंतर अख्खा देश उपाशी, पण स्कूटरवर. पाद्रीसुद्धा झगा सावरून बसायचे.”

गुरुजींनी पोह्यांची बशी खाली ठेवली. बहुतेक हे वाक्य त्यांनी राखून ठेवलं होतं.

“तो इंजिनिअर आधी आमच्याकडं आला होता.”

“काय?”

“नळवाल्याकडं. सांगून आला होता. पाइपांवरून जमलं नाही, मग तुमच्याकडं गेला. म्हणजे आम्ही नाकारलेलं स्थळ तुम्ही केलंत, मगदूमसाहेब.”

आईनं आणि राजमतीच्या आईनं एकमेकींकडं पाहिलं. दोघींच्या नजरेत एकच गोष्ट होती, आणि ती इटलीविषयी नव्हती.

या दोघांपैकी इटलीला कुणीही गेलेलं नव्हतं. गुरुजींची इटली शाळेच्या नकाशातली, ज्यात त्यांनी वर्षानुवर्षं पोरांना रोमऐवजी लॅम्ब्रेटाचं मिलानच दाखवलं. आण्णांची इटली एका जुन्या मासिकातली. दोघांचा मिळून सर्वांत लांबचा प्रवास बेळगाव.

“मी जरा हवा खाऊन येतो,” म्हणून आण्णा बाहेर गेले. दारातून मला दिसत होतं. त्यांनी लॅम्ब्रेटाभोवती एक चक्कर मारली, वाकून सीटखाली पाहिलं, डॉक्टर रोग्याचा डोळा ओढून बघतात तसं काहीतरी केलं, आणि समाधान झाल्यासारखे परत येऊन बसले.

तेवढ्या वेळात गुरुजी पाणी प्यायला उठले होते. राजमतीनं पहिल्यांदा मान वर केली.

“तुम्ही कुठल्या बाजूचे?” तिनं विचारलं.

“मी एस.टी.नं आलोय,” मी म्हणालो.

ती हसली. चोरून, तोंडावर पदर घेऊन हसतात तसं नव्हे. चांगली खळखळून. तिच्या आईला, म्हणजे काकूंना, तिला कोपरानं ढोसावं लागलं. माझ्यापुरतं बघण्याचं काम तिथंच संपलं. उरलेले पोहे मी तिच्या नवऱ्याच्या अधिकारानं खाल्ले.

मग गुरुजींनी अट सांगितली. येणाऱ्या प्रत्येक मुलाला ही अट होती म्हणे. लॅम्ब्रेटा सुरू करायची, गल्लीतून निघून बस्तीला एक फेरी मारायची आणि परत दारात यायचं. बस्ती म्हणजे आमचं जैन मंदिर, गुरुजींच्या घरापासून हाकेच्या अंतरावर.

“एवढंच?” मी म्हणालो.

“एवढंच. आजवर एकाला जमलेलं नाही,” गुरुजी हळवे होऊन म्हणाले. “लॅम्ब्रेटा माणूस ओळखते. मन खोटं असलं की अर्ध्या वाटेत बंद पडते. मी रोज चालवतो, कधी कुरकुरत नाही. राजू, गाडी पुसून ठेवलीस ना? कॉक उघडलास?”

“उघडलाय, पप्पा,” राजमती म्हणाली.

पेट्रोलचा कॉक म्हणजे टाकीतून पेट्रोल खाली सोडणारी चावी. ती सीटखाली असते. उघडी असेल तर पेट्रोल येत राहतं, बंद असेल तर कार्ब्युरेटरमधलं थोडंसं पेट्रोल संपेपर्यंत गाडी चालते आणि मग प्राण सोडते. हे मला तेव्हाही ठाऊक होतं. ऑइल इंजिनच्या दुकानात वाढलेल्या माणसाला ठाऊक असतंच.

तर मी सीटवर बसलो होतो आणि आण्णा माझ्या कानात बोलून बाजूला झाले होते. मी डोळे मिटले, आईवडिलांपैकी आईची आठवण केली आणि किक मारली.

पहिल्या किकला सुरू झाली.

गुरुजींनी हात जोडले. आईनं टाळी वाजवायला हात उचलले आणि आण्णांकडं बघून केस सारखे केले. आण्णा मात्र गाडी सुरू होऊनही निवांत दिसत होते, याचं मला जरा नवल वाटलं. पण नवल करत बसायला मला वेळ नव्हता. मी क्लच दाबून हँडलवरचा गिअर टाकला आणि सुटलो.

काय चालत होती! दोन्ही बाजूंना चांदीच्या भट्ट्या, ठोकठोक करणारे हात थांबवून लोक माझ्याकडं बघत होते. मी मनात लग्नपत्रिका छापून घेतली. पुढं वळण आलं. वळणाच्या कट्ट्यावर चार म्हातारी माणसं बसली होती, आणि ती का कोण जाणे, माझी वाट बघत असल्यासारखी दिसत होती.

वळणावर गाडी खोकली. एकदा, दोनदा. मग गप्प झाली.

“या, उतरा पाव्हणं,” कट्ट्यावरचा पटकेवाला म्हातारा आपुलकीनं म्हणाला. “समदी हितंच उतरत्यात.”

“म्हणजे?”

“गुरुजीच्या पोरीला बघाय आलासा न्हवं? मग हितंच उतराय लागतंय. ह्या वळणाला आमी जावईउतार म्हणतोय. मागल्या खेपंला सांगलीचा इंजिनेर उतरला. चा घेतला आमच्यात बसून. गुणी पोरगं.”

मी किक मारली. परत मारली. पाय बदलून मारली, उतरून मारली, उभा राहून, देवाचं नाव घेऊन, मग देवाचं नाव न घेता मारली. शेवटची किक इतक्या जिवाच्या आकांतानं बसली की आत काहीतरी कडकन तुटलं आणि किकचा दांडा लुळा पडून लोंबायला लागला.

“ह्ये नवीन हाय,” म्हातारा कौतुकानं म्हणाला. “आजपातूर कुणी मोडली न्हवती.”

तेव्हा मी खाली वाकलो आणि मला कॉक दिसला.

बंद होता.

मी तिथंच उकिडवा बसून राहिलो. लॅम्ब्रेटा माणूस ओळखते ती ही अशी. कॉक राजमतीकडं होता. जो आवडला नाही, त्याचा कॉक बंद. इंजिनिअरचा बंद केला, बाकीच्यांचा बंद केला, आणि आज माझा. ती हसली होती ते मला.

आता चावी फिरवायची, धक्का मारून गाडी सुरू करायची, बस्तीला फेरी घालायची, की मुलगी माझी. शब्द गुरुजींचा होता, ते मोडणाऱ्यातले नव्हते. फक्त मुलीला मी नको होतो, एवढीच अडचण होती.

मी चावीला हात लावला नाही. गाडी वळवली आणि ढकलत निघालो.

“चा तर घ्या!” म्हातारा मागून ओरडला.

दारात सगळे उभे होते. माझ्याआधी बातमी पोचली होती, कारण गल्लीतली पोरं धावत पुढं गेली होती. गुरुजींनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि घरात कुणी गेल्यासारख्या आवाजात म्हणाले, “वाईट वाटून घेऊ नका. ती ओळखते.”

“नाहीच जमली का?” आण्णांनी विचारलं. त्यांनी दुःखी चेहरा करायचा मनापासून प्रयत्न केला होता. मग काकूंकडं वळून ते म्हणाले, “वहिनी, पोहे उरलेत का हो थोडे?”

“माझ्याकडून हे होणार नाही,” मी गुरुजींना म्हणालो. “आम्ही निघतो.”

एवढ्यात राजमती घरातून बाहेर आली. सरळ लॅम्ब्रेटाजवळ गेली, वाकली, आणि उभी राहिली तेव्हा तिच्या नाकाचा शेंडा लाल झाला होता.

“कॉक बंद आहे,” ती म्हणाली.

“माहीत आहे,” मी म्हणालो.

“कधी कळलं?”

“वळणावर.”

“मग उघडला का नाही?”

मी रुमालानं घाम पुसला.

“नापसंत असेल तर तोंडानं सांगायचं,” ती म्हणाली. “गाडी ढकलत आणून दाखवायची काय गरज होती? एवढं ऊन लावून घेतलं ते!”

“अहो, मला वाटलं, तुम्हीच बंद केलाय!”

“मी? मी तर आज पहिल्यांदा बंद करायला आले नाही, उघडाच ठेवला!”

शेजारच्या भट्टीतली ठोकठोक थांबली. ते लोक भिंतीवरून बघत होते.

“पहिल्यांदा म्हणजे?” गुरुजींनी हळूच विचारलं.

राजमतीनं जीभ चावली, पण आता उशीर झाला होता.

“राजू, तो निपाणीचा तंबाखूवाला?”

“बंद होता.”

“सांगलीचा इंजिनिअर?”

“बंद. एवढा इंजिनिअर, पण खाली वाकून बघितलं नाही त्यानं.”

“आणि तो कागलचा, डॉक्टर?”

“त्याचा उघडा होता की नव्हता, काय फरक पडतो? त्याला गिअरच टाकता आला नाही.”

गुरुजी पायरीवर बसले. इतकी वर्षं ज्या यंत्राच्या अंतर्ज्ञानावर त्यांनी विसंबून दिवस काढले, ते त्यांच्याच घरात चहा करत होतं.

“पण मग,” काकूंनी विचारलं, “आज कुणी बंद केला?”

आण्णा आंब्याच्या झाडाकडं बघत होते. त्या झाडाला त्या दिवसांत मोहोरही नव्हता.

“अहो,” आई म्हणाली.

आमच्या घरात आईला एवढाच एक शब्द लागतो. बाकीचं वाक्य आण्णांना ऐकू येतं.

“मला कॉक उघडा दिसला,” आण्णा झाडाला म्हणाले. “पेट्रोल झिरपून वाया जाईल, म्हणून मी आपला चांगुलपणानं...”

“माझ्या लॅम्ब्रेटाला हात लावला?” गुरुजी उठले. “व्हेस्पाच्या हातानं?”

“आमचा पोरगा नळवाल्याच्या गाडीवर बसून गावभर फिरणार, आणि मी नुसतं बघत बसू?”

“विमानातनं पडलेली माणसं तुम्ही!”

“ढकला,” राजमती म्हणाली.

दोघंही थांबले. तिनं चावी फिरवून कॉक उघडला होता, पदर खोचला होता आणि ती लॅम्ब्रेटावर पुढच्या सीटवर बसली होती.

“किक मोडलीय. ढकलूनच सुरू होईल,” ती म्हणाली. मग माझ्याकडं वळून, “बसा मागं.”

“राजू! अट मुलानं पुरी करायची असते,” गुरुजी म्हणाले.

“फेरी मारायची, एवढंच तुम्ही सांगता पप्पा दर वेळी. हँडल कुणी धरायचं, ते कधी बोलला नाहीत.”

“लोक काय म्हणतील?”

“लोक वळणावर बसून कधीपासून म्हणतायत.”

मी मागं बसलो. एस.टी.नं आलेल्या माणसाला मागं बसायची लाज नसते. गुरुजी एका बाजूनं ढकलायला लागले. गाडी हलेना. दोघांचं वजन, शिवाय सगळा लोखंडी मामला. मग आईनं आण्णांकडं बघितलं. यावेळी ‘अहो’सुद्धा म्हणाली नाही.

माझ्या आयुष्यात मी आण्णांना देवासमोर वाकलेलं पाहिलंय, आजोबांच्या पायाशी वाकलेलं पाहिलंय. लॅम्ब्रेटाच्या मागं वाकलेलं त्या दिवशी पाहिलं. डोळे घट्ट मिटून, जणू काही ते दुसऱ्याच कुठल्या तरी गाडीला ढकलतायत. पांढऱ्या शर्टाच्या बाह्या वर करून व्हेस्पाचे जयसिंगपुरातले थोरले भक्त हुपरीच्या भर गल्लीत लॅम्ब्रेटा ढकलत धावत होते, आणि भिंतीवरची माणसं हो-हो करत होती.

“आता!” राजमती ओरडली आणि तिनं क्लच सोडला. लॅम्ब्रेटानं एक गचका दिला, आण्णांच्या तोंडावर पुष्कळसा धूर सोडला आणि निघाली.

जावईउतारावर चारी म्हातारे उठून उभे राहिले.

“आरं, हे उतरंना की!” पटकेवाला ओरडला.

बस्तीला फेरी घालून आम्ही दारासमोर आलो. आण्णा आणि गुरुजी एकमेकांसमोर उभे राहून हातवारे करत होते. “मुसोलिनी” असा एक शब्द माझ्या कानावर पडला.

“थांबायचं?” मी विचारलं.

“किक नाही. थांबले तर परत कोण ढकलणार?” राजमती म्हणाली आणि तिनं गाडी पुढं काढली.

दुसऱ्या फेरीला दोघं पायरीवर बसले होते. गुरुजींनी काडीनं मातीत इटली काढली होती, बुटासारखी, आणि आण्णा त्यात बोटानं कारखाना दाखवत होते. गुरुजींनी तो कारखाना पुसून जरा डावीकडं काढला. आण्णांनी मान डोलावली.

तिसऱ्या फेरीला पायरीवर दोघांच्या हातात चहा होता आणि आई रस्त्याच्या मधोमध उभी होती. मूठ मिटलेली, दुसऱ्या हातानं निऱ्या धरलेल्या.

“हळू घे गं!” ती ओरडली. राजमतीनं गिअर कमी केला. आई आमच्याबरोबर धावायला लागली. “तोंड उघड!” म्हणून तिनं पहिली चिमूट राजमतीच्या तोंडात घातली, मग मागं सरकून दुसरी माझ्या. अर्धी साखर माझ्या कॉलरमध्ये गेली. “ठरलं!” आई धापा टाकत म्हणाली आणि मागं राहिली.

मी साखर गिळली. पुढं राजमतीची वेणी हलत होती आणि तिच्या कानामागं साखरेचा एक कण चमकत होता.

“आता तर ठरलं,” मी म्हणालो. “आता थांबवली तरी चालेल की.”

“अहो, ही नुसती साखर होती,” राजमतीनं गिअर टाकला. “अजून एक फेरी मारू. तोवर पेढे काढतील.”